गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट: खरं की खोटं, कसं ओळखायचं?

या भागाचा लिखित मजकूर खाली देतोय. ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा एसटीत नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी. बोलताना जे राहिलं ते लिहिताना भरून काढलंय.

तर आजच्या विषयाची सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. रात्री साडेनऊला आली. पाठवणारा एकोणीस वर्षांचा, केमचा. केम म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं. पुण्याहून सोलापूरला रेल्वेनं जाताना जेऊर सुटलं की कुर्डुवाडीच्या अलीकडं हे स्टेशन लागतं. पोराचं म्हणणं असं:

"दादा, एका ग्रुपवर गांधीजींचं दहा रुपयांचं पोस्टाचं तिकीट आलंय. १९४८ चं. त्याच्यावर सर्व्हिस असं छापलंय. साडेसहा हजार म्हणतोय. पुढं लाखात जातं म्हणतोय. आज रात्रीपर्यंतच ठेवतो म्हणाला. माझ्याकडं पुड्या भरायच्या कामाचे सात हजार साठलेत. घेऊ का नको, सांगा की लवकर."

मी उत्तर दिलं, "आज एक रुपयाही पाठवू नको. तिकीट गेलं तर जाऊ दे. उद्या बोलू."

आता हे साडेसहा हजार कुठून आले ते बघा. केम म्हटलं की कुंकू. हा पोरगा कॉलेज करून कुंकवाच्या पुड्या भरतो. त्या पैशातून मोबाईल नाही, बूट नाही, तिकीट घ्यायचं होतं, कारण त्याला खरोखर नाद आहे. म्हणून हा भाग त्याच्यासाठी, आणि ज्यांना ज्यांना अशा "आज रात्रीपर्यंतच" ऑफर येतात त्या सगळ्यांसाठी.

कुंकवापासूनच सुरू करू

दुसऱ्या दिवशी फोनवर मी त्याला विचारलं, "हळदीचं कुंकू आणि नुसता रंग मारलेली पूड, दोन्ही लालच दिसतात. मग फरक कसा कळतो?"

तो म्हणाला, "लिंबू पिळायचं. हळदीचं असलं तर पिवळट पडतं."

बरोबर आहे. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, आणि आंबट लागलं की परत पिवळी होते. कृत्रिम रंग बहुतेक वेळा तसाच लाल राहतो. म्हणजे रंग बघून काही कळत नाही, ती वस्तू कशी बनली हे विचारणारी परीक्षा घ्यावी लागते.

तिकिटाचंही अगदी हेच आहे. "ओरिजिनल वाटतंय का?" हा प्रश्न निरुपयोगी. खोटं तिकीट बनवणारा माणूस दिसण्यावरच सगळी मेहनत घेतो. आपण विचारायचं: हे कोणत्या यंत्रावर छापलं गेलं असेल, कोणत्या कागदावर, दाते कसे पाडले, आणि वरचा शिक्का कधी बसला? या प्रश्नांवर खोटं तिकीट अडकतं.

आधी त्या तिकिटाची जन्मकथा

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, भारतानं त्यांची चार तिकिटं काढली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. दीड आण्याचं तपकिरी, साडेतीनचं जांभळं, बारा आण्यांचं राखाडी-हिरवं, आणि दहा रुपयांचं दोन रंगांत, जांभळट तपकिरी आणि गडद लाल. तिकिटावर देवनागरी आणि उर्दूत "बापू" लिहिलेलं आहे.

आपली तिकिटं तेव्हा नाशिकला छापली जायची. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून हे काम सुरू होतं. पण गांधीजींची ही चार तिकिटं स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हॉइझिए नावाच्या छापखान्यात छापली गेली. पद्धत फोटोग्राव्हूर. दात्यांचं माप साडेअकरा. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं त्यांच्यावरच सगळं चालणार आहे.

आता "सर्व्हिस" काय? सरकारी टपालासाठी वापरायच्या तिकिटांवर इंग्रजीत हा शब्द वरून काळ्या शाईत छापत. याला ओव्हरप्रिंट म्हणतात. गांधीजींच्या तिकिटांवर हा शब्द गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी छापला गेला. तेव्हा त्या पदावर चक्रवर्ती राजगोपालाचारी होते. दहा रुपयांची अशी फक्त १०० तिकिटं तयार झाली. २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅनली गिबन्स या कंपनीनं अशा चार जोडलेल्या तिकिटांची पट्टी ऑस्ट्रेलियातल्या एका संग्राहकाला विकली. किंमत पाच लाख पौंड. तेव्हाच्या हिशेबानं चार कोटी रुपयांच्या आसपास.

आता सांगा, ज्याच्याकडं हे खरं तिकीट आहे तो माणूस ग्रुपवर साडेसहा हजाराला, तेही रात्रीपर्यंतच्या मुदतीनं विकेल का? तो लिलाव कंपनीला फोन लावेल. किंमत ही पहिली परीक्षा, आणि ती फुकट आहे.

पण ऑफर नेहमी इतकी उघडी पडत नाही. साध्या, ओव्हरप्रिंट नसलेल्या दहा रुपयांच्या तिकिटालाही हजारांत भाव मिळतो आणि त्याच्याही नकला भरपूर आहेत. म्हणून पुढची पद्धत शिकून ठेवा.

खोटेपणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार: तिकीट मुळातच खोटं. स्कॅन केलं, प्रिंटरवर किंवा ऑफसेटवर छापलं, कडेला दाते पाडले.

दुसरा: तिकीट खरं, पण त्याच्यावर कारागिरी केलेली. साध्या तिकिटावर "सर्व्हिस" छापायचं. मागचा डिंक गेला असेल तर नवा लावायचा. दाते तुटले असतील तर कड कापून नवे पाडायचे. रंग उडवायचा.

तिसरा: तिकीट खरं, पण पोस्टाचा शिक्का खोटा. कधी साधं तिकीट जुन्या पाकिटावर चिकटवून वर शिक्का मारतात, कारण दुर्मीळ प्रवासाच्या पाकिटाला जास्त भाव येतो.

यातला दुसरा प्रकार फार फसवा. कागद खरा, छपाई खरी, दाते खरे, फक्त ज्या गोष्टीमुळं किंमत वाढते तेवढी एकच गोष्ट खोटी. म्हणून नियम असा: किंमत कशामुळं वाढली आहे ते आधी शोधा आणि सर्वांत कडक तपासणी त्याच जागेची करा.

यातला उस्ताद होता जाँ द स्पेराती. इटलीत जन्मला, फ्रान्समध्ये राहिला. तो काय करायचा, तर त्याच काळातलं स्वस्त खरं तिकीट घ्यायचा, रसायनानं त्याची छपाई उडवायचा आणि त्याच कागदावर महागड्या तिकिटाची छपाई करायचा. म्हणजे कागद जुना आणि खरा, दातेही खरे! १९४२ मध्ये त्यानं लिस्बनला पाठवलेलं पाकीट फ्रेंच कस्टमनं पकडलं. आरोप असा की हा मौल्यवान तिकिटं देशाबाहेर नेतोय. स्पेराती म्हणाला, "अहो, ही मीच बनवलेली नक्कल आहे." तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, तिकिटं खरी आहेत! शेवटी १९५४ मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशननं त्याचा उरलेला माल आणि साहित्य विकत घेऊन टाकलं, म्हणजे बाजारात आणखी घोळ नको.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगतोय, की एकच परीक्षा पास झाली म्हणून तिकीट खरं ठरत नाही. एका परीक्षेत नापास झालं तर मात्र ते खोटं, किंवा निदान संशयास्पद.

तुलनेसाठी स्वस्तातला खरा भाऊ आणा

माझ्या केमच्या मित्राला मी पहिलं काम सांगितलं: "त्याच मालिकेतलं दीड आण्याचं वापरलेलं तिकीट शोध."

का? दीड आण्याचं तिकीट टपालात खूप वापरलं गेलं, त्यामुळं ते आजही थोडक्या पैशात मिळतं. त्याची नक्कल करण्यात कुणाला फारसा फायदा नाही. आणि छापखाना तोच, पद्धत तीच, दाते तेच. म्हणजे आपल्या हातात एक खरी मोजपट्टी येते. कोणतंही महागडं तिकीट तपासताना हे करा. त्याच मालिकेतलं सगळ्यात स्वस्त तिकीट विकत घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा.

तो म्हणाला, "विकत कशाला, आजोबांची ट्रंक आहे की." त्या ट्रंकेत काय निघालं ते शेवटी सांगतो.

परीक्षा पहिली: छपाई

साधारण दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजींकडं असतं तसं. फोनला लावायची मॅक्रो लेन्सही चालते. खिडकीच्या उजेडात बघा.

फोटोग्राव्हूर छपाईत रंग अगदी बारीक, सारख्या अंतराच्या खाचांमधून कागदावर येतो. भिंगाखाली एकाच रंगाची बारीक जाळी दिसते. सावली गडद असेल तिथं तीच शाई जास्त, फिकट असेल तिथं तीच शाई कमी. दीड आण्याच्या तिकिटात सगळीकडं तपकिरी शाई आणि फक्त तपकिरी शाईच. दहा रुपयांच्या तिकिटात दोनच शाया.

घरातल्या किंवा दुकानातल्या कलर प्रिंटरकडं तपकिरी शाई नसते. त्याच्याकडं निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. हे ठिपके शेजारी शेजारी टाकून तो डोळ्याला तपकिरी भासवतो. भिंगाखाली गांधीजींच्या चेहऱ्यात निळे आणि पिवळे ठिपके दिसले, की विषय संपला. ते तिकीट १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापलेलं असूच शकत नाही.

ही परीक्षा दुसऱ्या तिकिटांना लावताना आधी ते कोणत्या पद्धतीनं छापलं होतं ते माहीत करून घ्या. भारतातली १८५४ ची पहिली तिकिटं लिथो पद्धतीनं कलकत्त्यात छापली होती. त्यांच्यात फोटोग्राव्हूरची जाळी शोधायला गेलात तर खऱ्यालाच खोटं म्हणाल.

परीक्षा दुसरी: दाते

तिकिटाच्या कडेला जे दाते असतात, त्यांचं माप म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं येतात ती संख्या. यासाठी परफोरेशन गेज नावाची पट्टी मिळते. ती नसली तरी साधी मिलिमीटरची पट्टी चालते. युक्ती सांगतो: एका दात्याच्या टोकापासून मोजायला सुरुवात करा आणि पुढचे दहा दाते मोजून शेवटच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या.

माप साडेअकरा असेल तर हे अंतर साधारण १७.४ मिलिमीटर येतं. माप चौदा असेल तर साधारण १४.३. म्हणजे तीन मिलिमीटरचा फरक, साध्या डोळ्यानं दिसणारा. गांधीजींच्या या तिकिटाचं अंतर १७.४ च्या आसपास आलं नाही, तर पुढं जाऊच नका.

चारही बाजू मोजा बरं का. एकाच बाजूचं माप वेगळं येत असेल, किंवा एका बाजूची छिद्रं फारच गोल, स्वच्छ आणि नवी दिसत असतील, तर ती कड नंतर पाडलेली असू शकते.

परीक्षा तिसरी: कागद आणि डिंक

नोटा तपासायचा छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च दुकानदारांकडं असतो. अंधारात तो तिकिटावर मारा. आजच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, त्यामुळं तो निळसर पांढरा झगमगतो. १९४८ च्या सुमाराच्या कागदात सहसा ही रसायनं नसत, म्हणून तो निस्तेज दिसतो. पुन्हा तेच: आपल्या दीड आण्याच्या भावाशेजारी ठेवून बघा. एक झगमगतो आणि दुसरा नाही, म्हणजे काहीतरी गडबड. टॉर्चचा उजेड डोळ्यात घेऊ नका.

एक सावधगिरी: तिकीट कुणी साबणाच्या पाण्यात धुतलं असेल तर खरा कागदही थोडा चमकू शकतो. म्हणून फक्त एवढ्यावर निकाल देऊ नका.

नाशिकच्या आणि त्याआधीच्या ब्रिटिशांच्या तिकिटांसाठी आणखी एक मदत आहे, जलचिन्ह. म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, उजेडात धरली की दिसते. १८६५ पासून हत्तीचं डोकं, पुढं तारा, १९२६ पासून अनेक तारे, १९५८ पासून अशोकस्तंभाची चार सिंहांची आकृती. तिकीट १९३७ चं सांगतात आणि कागदात अशोकस्तंभ दिसतो, तर हसून परत द्या.

न वापरलेल्या तिकिटाच्या मागं डिंक असतो. नवा लावलेला डिंक बऱ्याचदा दात्यांच्या टोकांवर चढतो, टोकं कडक होतात, आणि छिद्रांच्या आत डिंक दिसतो. कारण मूळ तिकिटाला डिंक आधी लागायचा आणि दाते नंतर पडायचे. क्रम उलटा झाला की खूण राहते.

आणि हो, काही जुने संग्राहक जलचिन्ह बघायला बेंझिन वापरतात. तुम्ही करू नका. ते पेट घेतं, आणि फोटोग्राव्हूरची शाई त्यानं खराब होऊ शकते. तिकीट बोटानंही धरू नका, चपट्या टोकाचा चिमटा वापरा.

परीक्षा चौथी: वरची भर

आता सर्वांत महत्त्वाची जागा. आपल्या तिकिटात किंमत "सर्व्हिस" या एका शब्दामुळं वाढली आहे. मग भिंग त्या शब्दावरच ठेवा. खऱ्यात हा शब्द वेगळ्या छपाईचा आहे, आधी तयार झालेल्या चित्रावर काळ्या शाईचा एक थर. अक्षराच्या कडेला दुसऱ्या रंगाचे ठिपके असण्याचं कारणच नाही. वापरलेल्या तिकिटात तर क्रम बघता येतो: आधी चित्र, मग "सर्व्हिस", मग पोस्टाचा शिक्का. पोस्टाच्या शिक्क्यावर "सर्व्हिस" चढलेलं दिसलं, म्हणजे तिकीट टपालातून जाऊन आल्यावर कुणीतरी तो शब्द छापलाय.

खरी गोष्ट अशी, की खऱ्या तिकिटावर काळजीपूर्वक छापलेलं खोटं "सर्व्हिस" आपल्यासारख्यानं भिंगानं पकडणं अवघड आहे. १०० पैकी एक असल्याचा दावा असेल तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणि मालकीचा इतिहास, दोन्ही नसेल तर व्यवहार नाही.

ओव्हरप्रिंटची जी गोष्ट, तीच उठावाच्या तिकिटांची. १ जुलै १८५२ ला कराचीत सिंद डाक नावाची तिकिटं निघाली, आशियातली पहिली. ती काढणारे बार्टल फ्रिअर पुढं मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यातलं एक तिकीट म्हणजे पांढऱ्या कागदावर नुसता दाबून उठवलेला ठसा, शाईच नाही! नक्कल करणाऱ्यांना यापेक्षा सोपं काय? म्हणून सिंद डाकच्या नकला जगभर पडल्यात, आणि शाईची परीक्षा तिथं चालतच नाही.

परीक्षा पाचवी: पाकीट आणि शिक्का

जुनं पाकीट मिळालं तर आधी तारखा जुळवा. शिक्का तिकिटावरून सरळ पाकिटावर गेलाय का? रेघ तिकिटाच्या कडेलाच थांबत असेल, तर तिकीट नंतर चिकटवलंय किंवा आधीच्या पाकिटावरून काढलंय.

शिक्क्याची तारीख तिकीट निघण्याआधीची नाही ना? गांधीजींच्या या तिकिटावर जुलै १९४८ चा शिक्का असेल तर उत्तर मिळालं.

पत्त्यात पिनकोड आहे? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधीच्या पत्रावर तो असायला नको. किंमत पैशात आहे? दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली, त्याआधी आणेच होते. सुरुवातीला "नये पैसे" म्हणत, १९६४ मध्ये "नया" शब्द गेला. शहराचं नाव कसं लिहिलंय? इंग्रजांच्या काळातल्या शिक्क्यांवर सोलापूरचं स्पेलिंग शोलापूर असं असे.

हे सगळं फोनवर बसल्या बसल्या तपासता येतं. भिंगही लागत नाही.

फोटोवरून ठरवता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: फोटोवरून तिकीट खोटं आहे हे कधी कधी कळतं. खरं आहे हे कधीच कळत नाही. कागद, डिंक, अल्ट्राव्हायोलेट, यातलं काहीच फोटोत नीट येत नाही. शिवाय खऱ्या तिकिटाचा फोटो दाखवून दुसरंच पाठवणारेही आहेत.

म्हणून विकणाऱ्याला हे मागा: पुढून आणि मागून मोठा फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. भिंगातून काढलेला जवळचा फोटो. "खोटं निघालं तर पैसे परत" असं लिखित. प्रमाणपत्र असेल तर त्याचा नंबर आणि त्यावरचा फोटो. प्रमाणपत्रावरच्या फोटोतले दाते आणि शिक्क्याची जागा तुमच्या तिकिटाशी जुळली पाहिजे, कारण खरं प्रमाणपत्र दुसऱ्याच तिकिटासोबत फिरवणारेही असतात.

प्रमाणपत्र कोण देतं? लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती जगभर मानली जाते. ही संस्था १८६९ ची, योगायोगानं गांधीजींच्या जन्मवर्षाचीच. मुंबईचे जाल कूपर हे भारतीय तिकिटांचे मोठे जाणकार आणि लेखक होते, त्यांच्या सहीची जुनी प्रमाणपत्रं आजही लिलावात दिसतात. समितीकडं तिकीट पाठवायला पैसे लागतात, म्हणून दोनशे रुपयांच्या तिकिटासाठी कुणी हे करत नाही. पण हजारो रुपये मागणाऱ्याकडं प्रमाणपत्र मागणं हा तुमचा हक्क आहे.

कायद्याचं थोडक्यात

तेलगीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, वेब सिरीजमुळं. ते प्रकरण मुद्रांकांचं, म्हणजे स्टॅम्प पेपरचं. आपला विषय पोस्टाच्या तिकिटाचा. पण बनावट तिकीट करणं, विकणं हाही गुन्हाच. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम २६३-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १८६ आहे. त्यात दंड दोनशे रुपयांपर्यंतच! पण खोटं तिकीट खरं म्हणून विकून पैसे उकळले तर फसवणुकीचं कलम लागतं, आणि ते बरंच कडक आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

मग केमला काय झालं?

आमच्या मित्रानं विकणाऱ्याला पट्टी ठेवून फोटो मागितला. आला नाही. पण "बघ, किती स्वच्छ आहे" म्हणत एक जवळचा फोटो मात्र आला. त्यानं तो मोठा करून पाहिला. गांधीजींच्या कपाळावर निळे ठिपके. "सर्व्हिस" च्या अक्षरांच्या कडेलाही गुलाबी आणि पिवळे ठिपके. म्हणजे तिकीट आणि ओव्हरप्रिंट दोन्ही एकाच प्रिंटरमधून एकाच वेळी बाहेर पडलेले. त्यानं हे विचारलं, आणि समोरच्यानं ब्लॉक केलं.

साडेसहा हजार वाचले. पोरगं म्हणालं, "दादा, रात्रीच पाठवणार होतो मी."

आणि ट्रंक? ट्रंकेत आजोबांना आलेलं एक पत्र निघालं. मुंबईहून, गिरणीत कामाला असलेल्या त्यांच्या थोरल्या भावाचं. पाकिटावर तपकिरी रंगाचे, दीड आण्याचे गांधीजी. मुंबईचा शिक्का तिकिटावरून सरळ पाकिटावर गेलेला. मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का. पत्त्यात फक्त नाव, मुक्काम पोस्ट केम, तालुका करमाळा. पिनकोड नाही, कारण तो यायला अजून चोवीस वर्षं होती. दहा दात्यांचं अंतर त्यानं स्वतः मोजलं, साडेसतराला जरा कमी.

बाजारात या पाकिटाला फार पैसे येणार नाहीत, मी त्याला तसंच सांगितलं. तिकीट सोडवून काढू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "अजिबात नको. पाकीट, पत्र, शिक्का सगळं आहे तसं ठेव. बिनाआम्लाच्या कागदात ठेव, ऊन आणि ओल लागू देऊ नको. आणि पत्र वाच आधी."

पत्रात भावानं लिहिलं होतं की पावसामुळं गिरणीत दोन दिवस काम बंद होतं, पुढच्या महिन्यात पैसे पाठवतो, आईची काळजी घे.

तर मंडळी, तुमच्या घरातल्या ट्रंका, पेट्या, जुन्या डायऱ्या एकदा उघडून बघा. काही सापडलं तर भिंगातून फोटो काढून आम्हाला पाठवा, शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका. सहावी ते नववीतली भावंडं घरात असतील आणि त्यांना हा नाद असेल, तर टपाल खात्याच्या दीनदयाल स्पर्श योजनेची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला सहा हजार रुपये. शाळेत चौकशी करायला सांगा.

आणि कुणी "आज रात्रीपर्यंतच" म्हणालं, तर त्याला सांगा, सकाळी बोलू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!